माझ्या तोंडातली टपालवाली

मी एक जुनी गेमची पेटी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. बाईमाणसाला वय विचारत नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरी टीव्हीखाली एक काळी, सडपातळ, गुळगुळीत मशीन बसलेली असते ना, जिला धड बटण दिसत नाही की तोंड दिसत नाही, ती नात्याने माझी पणती लागते. ती मला ओळखत नाही. न ओळखू दे. मी तिला ओळखते.

माझं शिक्षण म्हणाल तर बेताचंच. शून्य आणि एक, एवढी दोनच अक्षरं मला येतात. पण या दोन अक्षरांच्या जोरावर मी एका घराला बारा वर्षं हसवलं, भांडायला लावलं आणि ताटावरून उठून यायला लावलं. आताच्या शिकलेल्या मशिनींनी एवढं करून दाखवावं, मग मी त्यांच्याशी बोलेन.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका, प्रत्येकीच्या हातात एकच काम. एकीने पिना बसवल्या, एकीने स्क्रू पिळले, एकीने झाकण दाबलं. टेबलाच्या शेवटी तपासणीवाली बसायची, कपाळाला कायम आठी. ती प्रत्येक पेटीत कॅसेट घालायची, बटणं दोनदा दाबायची आणि मग पेटीला कान लावून ऐकायची. माझ्या आधीच्या दोघींना तिने बाजूला सारलं. मला कान लावला, आठी जराशी सैल झाली आणि ती शेजारणीला म्हणाली, "ही टिकेल गं." माझ्या पोटाखाली तिने गोल चिकटपट्टी लावली. ती अजून आहे. तेच माझं प्रमाणपत्र.

आमच्या काळी पेट्यांना डोक्यावर चांगलं रुंद तोंड असायचं. त्यात कॅसेट घालायची, बटण दाबायचं, की खेळ सुरू. एक कॅसेट, एक खेळ. कॅसेट तुमची तर खेळही तुमचा. मैत्रिणीला द्या, भावाला नाकारा, रागाच्या भरात उशीखाली लपवा, कोणी विचारायला येत नसे.

मला घरी आणलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिला मी आईच म्हणते, कारण त्या घरात सगळे तिला आई म्हणायचे, गिऱ्हाइकंसुद्धा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, कपड्यांचे गठ्ठे, मोजपट्टी आणि दोऱ्यांची रिळं. दुसऱ्या खोलीत टीव्ही आणि दोन मुलं, थोरली आणि धाकटा. वडील बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा घरी. आईने एका अख्ख्या शाळेचे गणवेश शिवून दिले आणि शेवटचा गठ्ठा पोचवून परत येताना मला काखेत मारून आणलं. टेबलावर ठेवलं आणि मुलांना बजावलं, "अभ्यास झाल्याशिवाय त्या डबड्याला हात लावायचा नाही."

डबडं म्हणाली मला. मी मनात म्हटलं, बरं. बघू.

मुलांनी मला लगेच आपलंसं केलं. त्यांचा एक नेम होता. माझ्या तोंडात कॅसेट घालण्याआधी ती उलटी धरायची आणि तिच्या पिनांवर तीन वेळा फुंकायचं. थोरली माऊथ ऑर्गन वाजवल्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर घालायची. धाकट्याची फुंकर कमी आणि थुंकी जास्त. मग माझ्याही तोंडात एकेक फुंकर. चित्र आलं की दोघं एकमेकांकडे बघून मान डोलवायची, जणू मी त्यांच्या फुंकरीनेच जागी झाले. खरं म्हणजे कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली की मी तशीही चालायचे. पण माझं ऐकतंय कोण. आणि खरं सांगू का, मलाही ते आवडायचं. रोज कोणी आपल्यावर एवढ्या मायेने वाकतंय, म्हटल्यावर कोणाला नको असेल?

त्या कॅसेटींत एक होती 'टपालवाली'. तिघा माणसांच्या एका छोट्या कंपनीने केलेली. खांद्याला पिशवी लावलेली एक बाई, आठ गल्ल्या, अंगावर येणारे कुत्रे, पत्रं उडवणारा वारा. सूर्य बुडायच्या आत प्रत्येक दारात पत्र टाकायचं. दिसायला सोपा, खेळायला महाकठीण. दोन्ही मुलं पाचव्या गल्लीच्या पुढे कधी गेली नाहीत. तो खेळ करणारी कंपनीही फार पुढे गेली नाही; वर्षभरात तिला टाळं लागलं.

एके दिवशी भर दुपारी आईच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला. पट्टा बदलणारा माणूस चारला येणार होता. मुलं शाळेत. आईच्या हातांना रिकामं बसायची सवयच नव्हती. ती दोन वेळा खिडकीशी जाऊन आली आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बघू तरी काय आहे या डबड्यात," म्हणाली आणि बटण दाबलं. आत टपालवालीच होती. आईच्या बोटात अंगुस्ताना तसाच होता, सुई टोचू नये म्हणून घालतात ती पितळी टोपी. ती न काढताच तिने रिमोट धरला. पाव मिनिटात पहिला कुत्रा चावला.

"मेल्या कुत्र्या," आई टीव्हीला म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवसापासून मुलांची पाठ वळली की आई अर्धा तास माझ्यापाशी. दातात दोरा, बोटात अंगुस्ताना. रिमोटच्या लाल बटणावर त्या पितळी टोपीने खळगा पडला. मुलांना वाटायचं, घाईघाईत कुठे आपटला असेल.

पुढे पुढे कॅसेट माझ्या तोंडात सैल बसायला लागली. चित्र थरथरायचं. मुलं फुंकून फुंकून बेजार व्हायची. आईने मात्र शिवणाऱ्या बाईसारखा विचार केला. सैल आहे ना, मग घट्ट करू. तिने निळ्या अस्तराचा एक तुकडा घेतला, चार घड्या घातल्या आणि कॅसेट आणि माझा जबडा यांच्या फटीत नखाने दाबून बसवला. कॅसेट काढली-घातली तरी तो आतच राहायचा आणि वरून दिसायचाही नाही. चित्र खांबासारखं स्थिर झालं. "आता कशी बसली," ती म्हणाली. तिच्या आवाजात तेच समाधान होतं जे बाही खांद्याला चोख बसली की असायचं.

त्याच दुपारी तिने आठवी गल्ली पार केली. मित्रांनो, आठव्या गल्लीचं शेवटचं घर त्या टपालवालीचं स्वतःचं असतं आणि पिशवीतलं शेवटचं पत्र तिच्याच नावाचं असतं. दिवसभर जगाची पत्रं वाटणारी बाई दार उघडते, पत्र घेऊन उंबऱ्यावर बसते आणि खेळ संपतो. आईने रिमोट मांडीवर ठेवला. चूल आपली वाट बघतेय हेही तिला आठवलं नाही.

मग विक्रमाचा तक्ता आला आणि त्याने नाव मागितलं. आईने अक्षरांकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि तीन फुल्या घातल्या. शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत ती तशाच तीन फुल्या टाकायची, दोऱ्याने. तीच तिची सही.

त्या संध्याकाळी घरात गहजब. पहिल्या ओळीत तीन फुल्या आणि पुढे चौऱ्याऐंशी हजार दोनशे दहा.

"हे तू केलंस," थोरली म्हणाली.

"मी केलं असतं तर गल्लीभर सांगितलं नसतं?" धाकटा म्हणाला.

ते खरंच होतं. मग संशय शेजारच्या मुलांवर गेला, मग इस्त्रीवाल्याच्या मुलीवर. दोन वर्षं, मित्रांनो, दोन वर्षं ती दोघं त्या तीन फुल्यांच्या मागे लागली होती. धाकटा तो आकडा शाळेतल्या बाकावर कोरून आला आणि त्यासाठी मारही खाऊन आला. आई मशीनवर बसून खाली मान घालून टाके घालायची आणि मधूनच म्हणायची, "असेल कोणी तरी हुशार."

शेवटी एका सकाळी धाकटा उलटा सदरा डोक्यात घालून अडकला. कॉलर त्याच्या डोळ्यांसमोर आली. आतून आवाज आला, "ताई, अगं इकडे ये." थोरली आली, तिने कॉलर पाहिली. दोघांनी मिळून आईकडे पाहिलं.

"शाळेला उशीर होतोय," आई म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून मला त्या घरात कोणी डबडं म्हटलं नाही. म्हणजे, आईच म्हणायची. पण आता लाडाने.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या खानदानात नवी माणसं येत गेली. पहिली आली ती डिस्कवाली, माझी सून म्हणा. कॅसेट नको, म्हणाली, मला चकती हवी. तिच्या आत मोठमोठी गावं मावायची, गाणी मावायची. एक बारीक ओरखडा पडला की बाईसाहेब अडून बसायच्या, ती गोष्ट वेगळी. मग तिची मुलगी आली, तिला इंटरनेट लागायचं. खेळ डिस्कवरही यायचा आणि तारेतूनही. आणि आता ही पणती, हिला तोंडच ठेवलं नाही. सगळे खेळ वरून कुठून तरी येतात म्हणे आणि वरच राहतात. मी जळले का? थोडी जळले. पण अभिमानही वाटला. त्यांच्या सगळ्या थाटामाटाखाली शेवटी शून्य आणि एकच आहेत. ते माझ्या घरचं शिक्षण.

मी कपाटावर गेले. तोंडात टपालवाली, फटीत अस्तर, अंगावर एक जुनी उशीची खोळ. धाकटा मोठा होऊन बस चालवायला लागला. थोरली गेम बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत लागली, तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. आईने मशीन चालवणं काही सोडलं नाही.

मग एका रविवारी सगळे जमले असताना आईची नात रुसलेली आली. दहा वर्षांची पोर. तिच्या जुन्या मशिनीतले खेळ गेले होते.

"गेले म्हणजे?" आईने विचारलं. "हरवले?"

"नाही गं आजी. कंपनीने त्या मशीनचं इंटरनेटवरचं दुकान बंद केलं. जागा करायला पुसलेले खेळ मी परत उतरवायला गेले तर काहीच नाही."

आईने सुई कापडात खोचली. "दुकान बंद केलं म्हणून घरातले खेळ गेले? उद्या मी शिवायचं बंद केलं तर लोकांच्या अंगावरचे सदरे उडून जातील का गं?"

नात हसली, पण थोरली हसली नाही. ती म्हणाली, "आई, मी त्याच कामावर आहे सध्या. जुने खेळ शोधून नव्या मशीनवर आणायचे. जे मिळाले ते मिळाले, बाकीचे कायमचे जाणार. शुक्रवारी यादी बंद होते." जरा थांबून ती म्हणाली, "टपालवालीचे हक्क मिळाले. पण खेळच मिळत नाही. त्या कंपनीचं सगळं सामान केव्हाच रद्दीत गेलं. सगळीकडे शोधून दोन कॅसेटी सापडल्या, दोन्ही मुक्या, चालतच नाहीत."

एकेक करून सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या.

माझी छाती फुगली. कंपनीच्या एवढ्या शिकलेल्या माणसांना जे मिळालं नाही, ते माझ्या तोंडात होतं. धाकट्याने मला खाली उतरवलं, खोळ काढली, टीव्हीला जोडलं. मी सगळा जीव एकवटला. थोरलीने बटण दाबलं.

पडदा राखाडी. नुसता राखाडी.

"म्हातारी झाली," धाकटा म्हणाला. मला ते फार लागलं. "काढ कॅसेट, फुंकून बघू." त्याने ओढली. कॅसेट हलेना. त्याने पाय रोवून ओढायला घेतली, तेव्हा थोरलीने त्याच्या हातावर चापट मारली. "गिअर आहे का तो? थांब."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. रेडिओ, घड्याळं, मिक्सर, सगळ्यांची पोटं उघडणारा माणूस. त्याने माझं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "फुंकायचं कोण हो?"

बस चालवणारा धाकटा आणि कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेली थोरली, दोघंही जमिनीकडे बघू लागली.

"श्वासात ओल असते. वर्षानुवर्षं ओल दिलीत तुम्ही हिला. सगळ्या पिनांना हिरवा गंज चढलाय." त्याने चिमटा आत घातला. "आणि हे फडकं कोणी कोंबलं? यानेच ती ओल धरून ठेवली. कॅसेट आणि पिना एकजीव झाल्यात."

भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिलं. फडकं दोघांनाही माहीत नव्हतं.

"मी," आई म्हणाली. "माझ्या अस्तराचा तुकडा आहे तो."

मित्रांनो, त्या घरात आईने चूक कबूल केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. बहुतेक तिची मुलंही.

दुरुस्तीवाला म्हणाला, "ओढलं तर कॅसेटच्या पट्ट्या उपटून येतील, खेळ गेला. स्पिरिट आतवर पोचत नाही. पेटीचं तोंड कापून काढावं लागेल. पण कटर जरा घसरला तर कॅसेटही गेली. आणि पेटी काही पुन्हा चालणार नाही, हे आधीच सांगतो. दोन्ही वाचणार नाहीत."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, राहू दे. आपल्याच घरातली वस्तू, आपल्याच हाताने..."

आईने माझ्या कपाळावर हात ठेवला. तिचा अंगुस्ताना मला थंड लागला. मला बोलता येत नाही. पण आलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की मला शोभेचं म्हातारपण नको. तपासणीवालीने 'ही टिकेल' म्हटलं होतं ते माझ्या डब्याबद्दल नव्हतं.

"कापायचं कशाला?" आई म्हणाली. "उसवायचं."

"मावशी, हे कापड नाही."

"दिसतंय मला. किती पिना आहेत?"

"साठ."

"एका झग्याला याच्या दसपट टाके असतात. सरक."

तिने मला उचलून खिडकीशी, शिलाई मशीनच्या फळीवर ठेवलं. टाके उसवायची टोकदार सुरी घेतली, चष्मा खाली ओढला. दुरुस्तीवाला शेजारी भिंग धरून उभा राहिला. आई सुरीचं टोक एका पिनेखाली घालायची, केसाएवढं उचलायची, थांबायची, स्पिरिटचा एक थेंब सोडायची आणि पुढच्या पिनेकडे जायची. पिना माझ्या वाकत होत्या, तुटत होत्या. कॅसेटची एकही पट्टी ओरखडत नव्हती. मी भ्याले नाही असं म्हणणार नाही. पण ज्या हाताने तो तुकडा खोचला होता, तोच हात सोडवत होता, आणि त्या हातात घाई नव्हती.

धाकटा वाकून बघायला आला. "आई, जमतंय का?"

"तोंड बाजूला घे. तुझा श्वाससुद्धा नको आता तिच्यावर."

दुरुस्तीवाल्याने हसू दाबलं, पण भिंग हलू दिलं नाही.

ऊन फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं. साठावी पिन उचलली गेली आणि टपालवाली माझ्या तोंडातून अलगद बाहेर आली. दुरुस्तीवाल्याने खोडरबराने तिच्या पट्ट्या हलकेच घासल्या. थोरलीने कंपनीतून आणलेल्या, कॅसेट वाचणाऱ्या छोट्या यंत्रात ती बसवली आणि लॅपटॉपकडे बघत राहिली. सगळे बघत राहिले. मग पडद्यावर पिशवीवाली बाई चालू लागली.

धाकट्याने टाळी वाजवली. थोरलीने मात्र आधी तक्ता उघडला. "आई, कॅसेटच्या आतली आकडे लक्षात ठेवणारी बॅटरी केव्हाच संपली होती. तुझा विक्रम गेला."

"गेला तर गेला," आई सुरी पुसत म्हणाली. "पत्रं पोचली होती ना."

"चौऱ्याऐंशी हजार दोनशे दहा," धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बघता काय? दोन वर्षं झोप घालवली होती त्या आकड्याने. मार खाल्लाय मी त्याच्यासाठी."

शुक्रवारी टपालवाली यादीत गेली. नवीन खेळाच्या तक्त्यात पहिल्या काही ओळी कंपनीच भरून देते, खेळणाऱ्याला कोणाशी तरी झुंजायला हवं म्हणून. थोरलीने पहिली ओळ भरली. आईने फक्त विचारलं, "आकडा बरोबर घातलास ना? फुकटचा मोठेपणा नको मला." आता ठिकठिकाणची पोरं पाचव्या गल्लीत कुत्र्याचे चावे खातात आणि एकमेकांना विचारतात, या तीन फुल्या कोण? परवा आई नातीच्या बिनतोंडाच्या मशिनीवर खेळायला बसली. दुसऱ्याच गल्लीत कुत्रा चावला. त्याला तिने जे म्हटलं ते मी ओळखलं. नात मात्र नवीन शब्द शिकली.

मी आता कपाटावर नाही, शिलाई मशीनच्या फळीवर असते. माझं तोंड रिकामं आहे. काम संपलं की आई आपला अंगुस्ताना त्यात ठेवते. चालत नाही मी, पण कोणी मला म्हातारी झाली म्हणत नाही.

मित्रांनो, जाता जाता दोन गोष्टी सांगते. आवडत्या वस्तूवर फुंकर घालू नका. कोरड्या, मऊ कापडाने पुसा आणि तिला काय हवं, काय सोसत नाही, ते जाणत्या माणसाला विचारा. माझं नुकसान कोणा दुष्टाने केलं नाही, माया करणाऱ्यांनीच केलं. आणि माझ्या त्या पणतीला एकदा विचारा, बाई गं, तुझे खेळ तू कुठे ठेवतेस? तिला सांगता आलं नाही, तर घरातल्या जुन्या पेटीची खोळ काढून बघा. तिच्या तोंडात काय आहे, ते तिच्याशिवाय कोणालाच माहीत नसेल. पण ओढू नका. हळू सोडवा.